बंदिस्त न्याहाळक

सार्वजनिक ठिकाणी मांडलेल्या संगणकावरील आंतरजालाचा वापर ठराविक कामापुरता मर्यादित राहावा, यासाठी जखडून ठेवलेल्या न्याहाळकास, म्हणजे बोलीत ब्राउझर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आज्ञावलीस, बंदिस्त न्याहाळक म्हणता येईल. असा संगणक ज्या कपाटात, खांबावर किंवा खिडकीत बसवितात त्यास जगभर किऑस्क हे नाव रूढ आहे. मूळ फार्सी ‘कूश्क’ (उद्यानातील महाल, मंडप) हा शब्द तुर्कीतून फ्रेंच व इंग्रजी भाषांत गेला आणि तेथे वृत्तपत्रे विकण्याच्या टपरीला लागू झाला. भोवतालून मोकळा असलेला मंडप हा त्याचा मूळ अर्थ. संगणकाच्या संदर्भात मात्र तो शब्द अशा यंत्राला चिकटला की, ज्याच्या समोर कोणीही उभे राहू शकतो, परंतु ज्याच्या आत कोणालाही शिरता येऊ नये.

या विरोधातच सर्व प्रश्नाचे मूळ आहे. खासगी संगणकाचा मालक आणि वापरणारा बहुधा एकच असतो. सार्वजनिक संगणकाच्या बाबतीत मालक एक, वापरणारे अनेक आणि ते परस्परांना अपरिचित, अशी स्थिती असते. म्हणून त्याचे रक्षण दोन बाजूंनी करावे लागते. वापरणाऱ्याच्या हातून यंत्र बिघडू नये, ही एक बाजू. आधीच्या माणसाने मागे ठेवलेल्या खुणा, म्हणजे त्याचे नाव, पत्ता, उघडा राहिलेला टपालपेटीचा पडदा, परवलीचा शब्द, पुढच्याच्या हाती पडू नयेत, ही दुसरी. बंदिस्त न्याहाळकाचा इतिहास पाहता पहिल्या बाजूकडे प्रारंभापासून लक्ष दिले गेले आणि दुसरी बराच काळ दुर्लक्षित राहिली, असे आढळते.

सार्वजनिक साधनाला कुलूप घालण्याची रीत संगणकाहून जुनी आहे. भारतात चकतीचे दूरध्वनी प्रचारात होते, तेव्हा अनेक कचेऱ्यांत व दुकानांत चकतीच्या भोकात एक लहानसे कुलूप अडकवीत. त्यामुळे बाहेरून आलेला फोन घेता येई, पण चकती फिरत नसल्याने येथून कोणाला फोन करता येत नसे. परंतु चकती म्हणजे विद्युत् मंडल ठराविक वेळा तोडण्याचे केवळ साधन होय. तेच काम श्रवणी ठेवण्याची खुंटी बोटाने तेवढ्याच वेळा टिचकावूनही साधते, हे पुष्कळांना ठाऊक होते आणि कुलूप न उघडताच फोन लागत असत. एक वाट बंद केली की तीच क्रिया घडविणारी दुसरी वाट उरते, हा अनुभव पुढे न्याहाळक जखडणाऱ्यांनाही वारंवार आला.

पूर्वपीठिका : अमेरिकेतील बर्कली येथे १९७३ मध्ये ‘कम्युनिटी मेमरी’ या नावाने एका ध्वनिमुद्रिकांच्या दुकानात दूरमुद्रक मांडण्यात आला. तो दूरध्वनीच्या तारेने सॅन फ्रॅन्सिस्कोतील मोठ्या संगणकाशी जोडलेला असून, येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यावर सूचना टंकलिखित करण्याची व दुसऱ्याच्या सूचना शोधण्याची मुभा होती. यंत्राभोवती खोक्याचे आवरण होते व शेजारी मदतीला एक माणूस उभा असे. आज्ञावलीने घातलेले बंधन फारसे नव्हते. बंधन होते ते खोक्याचे आणि माणसाचे. याच्या अगदी उलट उदाहरण बँकेच्या रोकडयंत्राचे. भारतात असे यंत्र १९८७ मध्ये मुंबईत हाँगकाँग बँकेने बसविले. त्याचे बंधन संपूर्ण होते, कारण त्यात ठराविक प्रश्न व ठराविक उत्तरे यांपलीकडे काही नव्हतेच. ज्या यंत्राला एकच काम येते त्याला जखडण्याचा प्रश्न निर्माण होत नाही. मुंबईच्या उपनगरी स्थानकांवरील स्पर्शपडद्याची तिकीटयंत्रे याच जातीची होत.

न्याहाळक हा या दोहोंहून वेगळा प्राणी आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधन संस्थेत पहिला न्याहाळक लिहिला, तो मुळी एका दस्तऐवजातून दुसऱ्यात, तेथून तिसऱ्यात वाटेल तसे जाता यावे म्हणून. मोझॅइक (१९९३) आणि नेटस्केप (१९९४) यांनी ही मुशाफिरी सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली. तेव्हा न्याहाळक जखडणे म्हणजे ज्या गुणासाठी तो निर्माण झाला तोच गुण काढून घेणे होय. तरीही सरकारी कचेऱ्या, ग्रंथालये, प्रदर्शने आणि विमानतळ यांना नेमके हेच हवे होते. कारण संकेतस्थळाची पाने तयार करणे स्वस्त व सोपे झाले होते आणि प्रत्येक माहितीयंत्रासाठी स्वतंत्र आज्ञावली लिहिण्याचा खर्च त्यामुळे वाचत होता.

मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या इंटरनेट एक्सप्लोरर या न्याहाळकात (पहिली आवृत्ती १९९५) लवकरच यासाठी एक सोय आली. न्याहाळक सुरू करण्याच्या आज्ञेला ‘के’ हे अक्षर जोडले, की शीर्षकपट्टी, पत्त्याची चौकट, सूची व कळपट्ट्या नाहीशा होऊन पान सर्व पडदा व्यापी. वरवर पाहता यंत्र बंदिस्त दिसे; प्रत्यक्षात ते केवळ झाकलेले असे. कळफलकावर ‘ऑल्ट’ व ‘एफ-चार’ या कळा एकत्र दाबल्या की न्याहाळक मिटे व मागचा सारा संगणक मोकळा होई. उजव्या कळीने उघडणारी सूची, छपाईची चौकट, धारिणी साठविण्याची किंवा उघडण्याची चौकट, साहाय्याचे पान, यांपैकी प्रत्येकातून संगणकाच्या चकतीपर्यंत पोचता येई. ‘शिफ्ट’ ही कळ पाच वेळा दाबली असता अपंगांच्या सोयीसाठी ठेवलेली चौकट उघडे आणि तीतून नियंत्रणकक्षाची वाट सापडे, ही युक्ती तर पुढे शाळकरी मुलांनाही माहीत झाली. म्हणून बंदोबस्त करणाऱ्याला न्याहाळकापुरते थांबता येत नसे. परिचालन प्रणालीच्या धोरणांतून कळांची जुळणी, चकतीचे दर्शन व नव्या आज्ञावली बसविण्याचा अधिकार काढून घ्यावा लागे. जाळ्याच्या तोंडाशी मध्यस्थ संगणक ठेवून परवानगी असलेल्या पत्त्यांची यादी पाळावी लागे. आणि कित्येकदा सर्वांत परिणामकारक उपाय म्हणून कळफलकच उचलून न्यावा लागे.

दुसऱ्या बाजूचा धोका याहून सूक्ष्म होता. नेटस्केपमध्ये १९९४ साली लू माँटुली यांनी ‘कुकी’ ही योजना आणली. संकेतस्थळाने वापरणाऱ्याच्या संगणकावर ठेवलेली ही लहानशी टिपण-चिठ्ठी होय. तिच्यामुळे तेच संकेतस्थळ त्याच वापरणाऱ्यास पुन्हा ओळखते. घरच्या संगणकावर ही सोय असते. सार्वजनिक संगणकावर मात्र संकेतस्थळ ओळखते ते यंत्राला, माणसाला नव्हे. आणि उठून गेलेल्याच्या नावाने नंतर बसलेल्याचे स्वागत होते. न्याहाळकातून उमटणाऱ्या खुणा मागे न ठेवण्याची सोय ॲपलच्या सफारीत २००५ मध्ये, गुगलच्या क्रोममध्ये २००८ मध्ये आणि फायरफॉक्समध्ये २००९ मध्ये आली. म्हणजे सार्वजनिक संगणकांचा भर जोरात असतानाची जवळजवळ दहा वर्षे लोक या संरक्षणावाचून काढीत होते.

अमेरिकेत हा विषय ग्रंथालयांच्या द्वारे न्यायालयात गेला. केंद्रीय अनुदान हवे असलेल्या ग्रंथालयांनी अश्लील चित्रे अडविणारी चाळणी-आज्ञावली बसवावी, असा कायदा तेथे २००० मध्ये झाला आणि २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. भारतात ग्रंथालयांऐवजी दुकानांवरून हा वाद झाला.

महाराष्ट्रातील स्थिती : विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात आंतरजालाची सेवा सर्वसामान्यांस खुली केली, मुंबई हे तिच्या पहिल्या केंद्रांपैकी एक होते. नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना सेवा देण्याची परवानगी मिळाली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत शहरोशहरी सायबर कॅफे निघाले. त्यांची घडण अमेरिकन कॉफीगृहापेक्षा येथल्या पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथवर अधिक बेतलेली होती. काचेची खोली, मिनिटांचा हिशेब आणि गल्ल्यावर बसलेला मालक ही तिन्ही अंगे तेथूनच आली. न्याहाळकाला तांत्रिक कुलूप क्वचितच असे. मालकाची नजर हेच कुलूप होते आणि गिऱ्हाइकाला एकांत हवा म्हणून त्याच मालकाने मध्ये फळ्यांचे आडोसे उभे केले होते.

शासनपुरस्कृत केंद्रांत माणसाचे कुलूप याहून पक्के होते. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा खोऱ्यात १९९८ मध्ये सुरू झालेला ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प हे त्याचे ठळक उदाहरण होय. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या वारणा सहकारी समूहाच्या परिसरातील ७० गावे संगणकाने जोडावयाची, शेतकऱ्याला बाजारभाव, पीकसल्ला, सरकारी योजना व दाखले गावातच मिळावेत, अशी ही योजना असून केंद्र शासन, राज्य शासन व वारणेतील संस्था यांनी तिचा खर्च उचलला. तांत्रिक भाग राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे होता. गावातील केंद्रावर एक संचालक असे. शेतकरी आपला प्रश्न त्याला सांगे आणि उत्तर त्याच्याकडून ऐके किंवा कागदावर छापून घेई. कळफलक संचालकाच्या हातीच राही.

या केंद्रांवर कालांतराने काय उरले, ते पाहण्यासारखे आहे. ऊसलागणीची नोंद, तोडणीचा क्रम, कारखान्यात झालेले वजन व मिळावयाचे पैसे एवढी माहिती शेतकऱ्याला खरोखर हवी होती. त्यासाठी कारखान्यापर्यंतची खेप वाचत होती आणि त्या कामासाठी केंद्रे चालू राहिली. बाकीचे उपयोग हळूहळू मावळले. अनेक वाटांचे म्हणून आणलेले यंत्र वापराने आपोआप एका वाटेचे झाले. २००६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशाने हीच माहिती देण्याचा प्रयोग केला आणि तो शेतकऱ्यांना अधिक सोयीचा वाटला. यावरून प्रकल्प फसला, असा निष्कर्ष काढण्याची घाई अनेकांनी केली. वस्तुतः संस्थेने न घातलेले बंधन गरजेने घातले होते. शेतकऱ्याला ऊस-नोंदीपलीकडे जाणारा न्याहाळक स्वतःच्या हाताने कधी उघडावयास मिळालाच नव्हता, तेव्हा तो त्याला नको होता असे म्हणता येणार नाही.

याच सुमारास नेमका विरुद्ध प्रयोग झाला. एनआयआयटी संस्थेतील सुगत मित्र यांनी २६ जानेवारी १९९९ रोजी दिल्लीच्या कालकाजी भागात कचेरीच्या भिंतीला भोक पाडून त्यात आंतरजाल-जोडणीसह संगणक बसविला व शेजारच्या वस्तीतील मुलांना तो कोणत्याही सूचनेवाचून मोकळा ठेवला. ‘भिंतीतील भोक’ या नावाने गाजलेल्या या प्रयोगाची केंद्रे पुढे इतरत्र निघाली. त्यांत सिंधुदुर्ग जिल्ह्यातील खेडीही होती. तेथील बंदोबस्त मुख्यतः सुताराचा व गवंड्याचा होता. संगणक भिंतीआड, हाताशी फक्त पडदा व दर्शक हलविण्याचे साधन. उंची व वरचे छत असे की मुलांना सहज उभे राहता यावे आणि प्रौढांना वाकावे लागावे. गिरणीच्या जात्यात हात जाऊ नये म्हणून खोके करावे, तितक्याच साध्या विचाराने ही रचना केली होती. आत मात्र मुलांनी चिन्हे हलविली, पडद्याची चित्रे बदलली, खेळ शोधून काढले; आणि एकाने शोधलेले दुसऱ्याला शिकविले. एका बाजूने यंत्राला शरीराचे संरक्षण देऊन दुसऱ्या बाजूने न्याहाळक उघडा ठेवण्याचा हा प्रयोग असल्यामुळे बंदिस्त न्याहाळकाच्या इतिहासात त्याचे स्थान वेगळे आहे. अशा केंद्रांच्या देखभालीविषयी व शैक्षणिक दाव्यांविषयी पुढे टीकाही झाली, परंतु तो स्वतंत्र विषय होय.

मराठी वापरणाऱ्याला या कुलपाची एक झळ अशी लागली की जिची दखल इंग्रजीत लिहिणाऱ्या अभ्यासकांनी सहसा घेतली नाही. ती म्हणजे टंकाची. युनिकोड या सर्वलिपिसंग्राहक संकेतपद्धतीत देवनागरी १९९१ पासूनच होती. परंतु संगणकांवर ती प्रत्यक्षात दिसू लागण्यास पुष्कळ काळ गेला. तोपर्यंत मराठी संकेतस्थळे, विशेषतः वृत्तपत्रांची, आपापल्या स्वतंत्र टंकांत लिहिलेली असत. तो टंक संगणकावर उतरवून बसविल्याखेरीज मजकुराच्या जागी रोमन अक्षरे, स्वल्पविराम व कंस यांचा गोंधळ दिसे. सार्वजनिक संगणकावर नवे काही बसविण्याचा अधिकार वापरणाऱ्याला नसे, कारण विषाणूंच्या भयाने हीच वाट सर्वप्रथम बंद केलेली असे. परिणामी इंग्रजी वाचणाऱ्याला जे यंत्र पूर्ण चालत होते, तेच मराठी वाचणाऱ्याला मुके होते. विंडोज २००० मध्ये देवनागरीसाठी ‘मंगल’ हा टंक मिळाला. पण विंडोज एक्सपी या सर्वाधिक पसरलेल्या आवृत्तीत भारतीय लिप्या नीट जुळण्यासाठी नियंत्रणकक्षात जाऊन, मूळ तबकडी घालून, प्रशासकाच्या अधिकाराने काही धारिणी बसवाव्या लागत. दुकानदाराकडे मूळ तबकडी नसे व गिऱ्हाइकाकडे अधिकार नसे. ज्या एका कुलपाने यंत्राचे रक्षण होत होते, त्याच कुलपाने महाराष्ट्रातल्या यंत्रावर मराठीला मज्जाव केला होता. २००७ नंतरच्या विंडोज आवृत्त्यांत ही जुळणी आपोआप होऊ लागली, शासकीय कामकाजातही युनिकोडचा आग्रह धरला गेला आणि हा प्रश्न मागे पडला.

कायद्याचे लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे होते. सायबर कॅफेंत अज्ञान मुले अश्लील संकेतस्थळे पाहतात, अशा आशयाचे पत्र मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींकडे आले असता न्यायालयाने ते याचिका म्हणून स्वीकारले आणि सप्टेंबर २००१ मध्ये उपाय सुचविण्यासाठी समिती नेमली. समितीने जानेवारी २००२ मध्ये अहवाल दिला. वापरणाऱ्यांची ओळख पटविणे, अज्ञान मुलांना आडोशाआड न बसविता मोकळ्या जागेतील संगणक देणे, वापराच्या नोंदी ठेवणे आणि चाळणी-आज्ञावलीचा उपयोग करणे, असा शिफारशींचा रोख होता. ओळखपत्राच्या सक्तीने खासगीपणावर आक्रमण होईल, असा आक्षेप त्याच वेळी घेतला गेला. त्यानंतर २००८ मध्ये अहमदाबाद येथील बाँबस्फोटांच्या वेळचे धमकीपत्र नवी मुंबईतील एका घराच्या उघड्या बिनतारी जोडणीवरून गेल्याचे निष्पन्न झाले आणि पोलिसांच्या दृष्टीने ‘कोण बसले होते’ हा प्रश्न ‘काय पाहिले’ याहून महत्त्वाचा ठरला.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० यात २००८ साली केलेली व २००९ मध्ये अंमलात आलेली दुरुस्ती सायबर कॅफेची व्याख्या करते. तिच्या आधारे केंद्र शासनाने एप्रिल २०११ मध्ये सायबर कॅफेंसाठी नियम काढले. ते वाचताना नियमकर्त्यांचा विश्वास सुतारकामावर अधिक होता की काय, असे वाटल्याशिवाय राहत नाही. आडोशाची उंची जमिनीपासून साडेचार फुटांहून जास्त असू नये; आडोशाबाहेरील पडद्यांची तोंडे मोकळ्या जागेकडे असावीत; ओळखपत्र पाहिल्यावाचून कोणास बसू देऊ नये; नोंदवही व पाहिलेल्या संकेतस्थळांचा इतिहास किमान एक वर्ष जपावा; नोंदवहीचा मासिक अहवाल पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत द्यावा. वापरणाऱ्याला संगणकाच्या मांडणीत ढवळाढवळ करता येऊ नये अशी खबरदारी घ्यावी, असेही एक कलम त्यांत आहे. भारतीय कायद्यात बंदिस्त न्याहाळकाचा उल्लेख म्हणता येईल असा तोच. या सर्व तरतुदींचा भर खूण जपण्यावर आहे, पुसण्यावर नाही. तपासयंत्रणेच्या दृष्टीने हे समजण्यासारखे असले, तरी त्यामुळे दुकानदारापुढे परस्परविरोधी अपेक्षा उभ्या राहिल्या. इतिहास वर्षभर ठेवावयाचा, तर तो न्याहाळकातच राहू देणे सर्वांत सोपे. आणि तो न्याहाळकात राहिला म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाला उघडा. ही नोंद जाळ्याच्या तोंडाशी असलेल्या मध्यस्थ संगणकावर ठेवून बसण्याच्या यंत्रावरील खुणा मात्र पुसाव्यात, हा मार्ग तंत्रज्ञांना माहीत होता व नियमांत मध्यस्थ संगणकाच्या नोंदींचा उल्लेखही आहे. परंतु चार संगणकांच्या दुकानाला तो झेपणारा नव्हता. पडद्याची तोंडे बाहेर करण्याचा नियम तर परवलीचा शब्द टंकणाऱ्या प्रत्येकाला मागच्या बाकावरच्या नजरेसमोर बसवून गेला.

व्यवहारात यातून तोडगा निघाला तो चकती ‘गोठविण्याचा’. १९९९ च्या सुमारास कॅनडातील फॅरोनिक्स कंपनीने आणलेली डीप फ्रीझ ही आज्ञावली संगणक पुन्हा सुरू होताच त्याची चकती मूळ स्थितीत आणून ठेवते. मधल्या काळात कोणी काहीही केले असले, तरी ते नाहीसे होते. येथे कल्पनाच उलटी आहे. वापरणाऱ्याला अडवावयाचे नाही, तर त्याने केलेले टिकू द्यावयाचे नाही. पाटी प्रत्येक वेळी पुसून पुढच्याच्या हाती देण्याचाच हा प्रकार. यंत्र व माणूस या दोहोंचे रक्षण त्यात एकाच उपायाने साधते. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये ‘स्टेडीस्टेट’ या नावाने असेच साधन एक्सपीसाठी विनामूल्य दिले, पण २०१० च्या अखेरीस ते मागे घेतले. तोटा एवढाच की यंत्र दिवसातून एकदाच बंद होत असेल, तर सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकापासून रात्रीच्या शेवटच्यापर्यंत सर्वांच्या खुणा त्या एका दिवसात एकमेकांवर पडतच राहतात.

न्याहाळकांनी स्वतः ही जबाबदारी स्वीकारली ती बरीच उशिरा. फायरफॉक्समध्ये मे २०१८ पासून संस्थांना धोरणे लादण्याची आणि डिसेंबर २०१९ च्या आवृत्तीपासून किऑस्क-रूपात उघडण्याची सोय झाली; क्रोममध्येही तशी आज्ञा आहे. इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. त्याची जागा घेणाऱ्या एज या न्याहाळकात सार्वजनिक वापराचा स्वतंत्र प्रकार असून त्यात पडद्यावर सत्र संपविण्याची कळ दिसते. ती दाबताच, किंवा काही वेळ कोणी काही केले नाही तर आपोआप, मागच्या सर्व खुणा पुसल्या जातात व पहिले पान येते. सत्राचा शेवट हा बंदोबस्ताचा केंद्रबिंदू झाला, हा या इतिहासातील मोठा पालट होय. तो झाला तेव्हा भ्रमणध्वनीमुळे सायबर कॅफे बहुतांशी ओस पडले होते. जखडलेले पडदे आता मुख्यतः परीक्षाकेंद्रांत भरतात. अभियांत्रिकी व औषधनिर्माणशास्त्र यांसाठीची राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा २०१९ पासून संगणकावर होते. तेथे उमेदवाराला प्रश्नपत्रिकेच्या पडद्याबाहेर जाता येत नाही. यंत्र परक्या हातापासून राखण्याची युक्ती येथे खुद्द वापरणाऱ्यावर पहारा ठेवण्यासाठी योजिली आहे.

नागरी सेवांच्या बाबतीत महाराष्ट्र पुन्हा माणसाच्या कुलपाकडे वळला. तहसील कचेऱ्यांतील सेतू केंद्रे, महा-ई-सेवा केंद्रे, ग्रामपंचायतींतील ‘संग्राम’ (२०११) आणि त्याच्या जागी आलेली ‘आपले सरकार’ सेवा केंद्रे (२०१६) ही त्याची क्रमशः रूपे होत. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मुळे ठरलेल्या मुदतीत दाखला मिळणे हा नागरिकाचा हक्क झाला आणि तो मागण्यासाठीचे संकेतस्थळ कोणालाही घरून उघडता येते. सातबाऱ्याचा अंकीय स्वाक्षरीचा उतारा १ मे २०१८ पासून मिळू लागला, तोही तसाच. तरीही मोठा वर्ग केंद्राच्या खिडकीशीच जातो.

वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस असलेल्या गोखिवरे या गावाची घडण हे का होते ते समजण्यास उपयोगी पडते. २००१ च्या जनगणनेत ते ठाणे जिल्ह्यातील जनगणना-नगर म्हणून नोंदले गेले, ३ जुलै २००९ रोजी स्थापन झालेल्या वसई-विरार शहर महानगरपालिकेत त्याचा समावेश झाला, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी जिल्हा बदलून पालघर झाला. तेरा वर्षांच्या अवधीत रहिवाशाचे गाव शहरात गेले आणि जिल्ह्याचे नाव पालटले. अशा ठिकाणी मूळच्या शेतकरी कुटुंबांच्या जमिनीचे कागद एका नावाने, घरपट्टी दुसऱ्या कचेरीच्या नावाने, तर औद्योगिक गाळ्यांत कामाला आलेल्यांचे पत्ते आणखी तिसऱ्याच राज्यातले असतात. अर्जाच्या रकान्यांत यांपैकी काय लिहावयाचे, हे यंत्र सांगत नाही. खिडकीमागचा माणूस सांगतो. वारणेतील संचालकाचे स्थान त्यालाच मिळाले आहे.

या केंद्रांत न्याहाळक जखडण्याची गरज उरलेली नाही, कारण अर्जदार त्याला स्पर्श करीत नाही. पडद्याचे तोंड संचालकाकडे असते. २०११ च्या नियमांतील बाहेर वळविलेल्या पडद्याच्या हे बरोबर उलट. अर्जदाराचा आधार क्रमांक, उत्पन्न, जात, बँकेचे खाते हे सर्व त्या पडद्यावर उमटते आणि कागदपत्रांच्या छायाप्रती त्या संगणकाच्या चकतीवर उतरतात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम २०२३ मध्ये झाला आहे. परंतु काम संपल्यावर ती चकती पुसली गेली की नाही, हे पडद्याच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसाला पाहता येत नाही. त्याची ओळख पटविण्यासाठी संकेतस्थळ एकदाच चालणारा एक गुप्त क्रमांक त्याच्या स्वतःच्या भ्रमणध्वनीवर धाडते. तो इतर कोणासही सांगू नये, अशी सूचना बहुधा त्याच संदेशात असते. अर्जदार ती वाचतो, किंवा वाचता येत नसल्यास रांगेतील शेजाऱ्याकडून वाचून घेतो, आणि क्रमांक खिडकीतून संचालकाला मोठ्याने सांगतो.